डावीकडे लवंग, उजवीकडे फेस

७ सप्टेंबर १९७८
दुकानात नवं खोकं फोडलं, दोन ट्यूबा दबलेल्या निघाल्या. एकीच्या बुडातून पेस्ट बाहेर आली होती. सेठ म्हणाला, "ये कौन लेगा, तू ले जा." घेतल्या.
दादाचं कार्ड आलं. वणीचे पाहुणे कुसीला नाही म्हणाले. कारण लिहायची गरज नव्हती, तरी दादानं लिहिलं. मुलाच्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "मिसरी घासते का वं पोट्टी?" मायनं देवाकडे हात करून सांगितलं, आमच्या घरात तंबाखूला कोणी शिवत नाही. आत्या नुसती हसली.
बहीण माझी दिसायला चांगली आहे. तोंड मिटलेलं असेल तोवर. वरचे समोरचे चार दात तपकिरी, त्यावर खडूनं ओढल्यासारखे पांढरे पट्टे. रोज कडुलिंबाच्या काडीनं घासते, राखुंडीनं घासते. तरी तसेच.
माझेही तसेच आहेत. मला आजवर कोणी विचारलं नाही. पुरुषाला कोण विचारते.

९ सप्टेंबर
ठरवलं. माझं तोंड आणि कुसीचं तोंड एकाच घरचं. माझ्या दातावर जी ट्यूब चालेल ती तिच्या दातावर चालेल. आधी मी पाहतो, मग गावी नेतो. डावीकडे लवंगवाली, उजवीकडे फेसवाली. मधल्या दोन दातांना काहीच नाही, म्हणजे फरक कळेल. पुढं डा. आणि उ. एवढंच लिहीन.
दोन ब्रश घेतले. एक असता तर सगळं एकमेकांत मिसळलं असतं.

१३ सप्टेंबर
डा. – जीभ बधिर. चहाची चव लागली नाही. श्वासाला लवंगीचा वास, दाताच्या दवाखान्यात येतो तसा.
उ. – फेस इतका की बोलता येत नाही. गोड आहे. लहान पोरगं गिळून टाकेल.
रंगात फरक नाही.
नळावर सेठनं पाहिलं. "अरे नामदेव, आधा मुँह इधर, आधा मुँह उधर! दो औरत का आदमी है क्या?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. मग तोंड मिटलं.

२० सप्टेंबर
आज फरक दिसला! उजवीकडचे पांढरे. कंगव्यांच्या फळीवर आरसा आहे, त्यात पाहिलं. धावत गोदामात गेलो, तिथं उजेड कमी, पुन्हा बाहेर आलो. पुन्हा पाहिलं तर तपकिरी.
संध्याकाळपर्यंत कळलं. ओले असले की डाग दबतो. सुकले की वर येतो. पेस्टीचं काही नाही, थुंकीचं आहे.
तरी लिहून ठेवतो. पाहुणे आले की कुसीनं दातावर जीभ फिरवत राहायचं.

२५ सप्टेंबर
कंपनीचा माणूस आला, टायवाला. नवी थंडी पेस्ट दाखवून राहिला. तोंडात घेतली की बर्फाच्या पेटीचं झाकण उघडल्यासारखं वाटते. सेठला म्हणे, पंधरा दिवसांत दात मोत्यासारखे. मी विचारलं, सगळ्यांचे? म्हणे सगळ्यांचे. मी ओठ वर करून दाखवला.
त्यानं बॅग बंद केली. म्हणाला, "भाऊ, तू आधी तंबाखू सोड."
सुपारीसुद्धा खात नाही मी.

२ ऑक्टोबर
दुकान बंद. मन लागत नाही इथं. आधी हॉटेल, मग छापखाना, आता नागपूरच्या जरीपटक्यात हे दुकान. भिलाईला पोलादाच्या कारखान्यात भरती आहे म्हणतात. जावंसं वाटते. मग वाटते, कुसीचं होऊन जाऊ दे.
लाल मंजनानं हिरड्यातून रक्त आलं. काळ्या मंजनानं दोन दिवस सगळं तोंडच काळं. ते दोन्ही बाद. राहिल्या तीन: लवंग, फेस, थंडा. रंगाचं म्हणाल तर तिघी सारख्याच निकामी. पण थंडावालीनं माणूस हसताना घाबरत नाही, तोंडाचा वास चांगला आहे एवढं तरी माहीत असते. फेसवालीनं हिरडी दुखत नाही. लवंगवालीनं दुखणं थांबते. कुसीला कोणती?

१२ ऑक्टोबर
दसऱ्याला गावी जाऊन आलो. वणीपर्यंत एसटी, पुढं पायी.
तिन्ही ट्यूबा नेल्या. सकाळी मी आणि कुसी विहिरीच्या काठावर बसून घासत होतो. फेस पाहून माय हसली. "माय वं, तोंड आहे का गुळाची कढई!" दादाची छबी, अडीच वर्षांची, तिलाही पाहिजे म्हणून रडली. बोटावर थोडी दिली तर गिळून टाकली.
बाबानं आमच्यासाठी स्वतः बादली ओढली. कोणाला ओढू देत नाहीत. म्हणाले, "बाजारच्या ट्यूबीत काय ठेवलं आहे रे? गुण पाण्यात पाहिजे. घ्या, चूळ भरा."
त्या विहिरीचं बाबांना फार कौतुक आहे. गावात घरात विहीर आमचीच. कुसीच्या आधी मायला एक पोर होतं पोटात, नदीच्या उतारावर घागर घेऊन पाय सरकला, ते गेलं. मग बाबानं खणायला घेतली. खाली खडक लागला. सुरुंग लावून फोडला. पाणी लागलं त्या महिन्यात कुसी झाली. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, मला फक्त सुरुंगाचा आवाज आठवते. कोणतेही पाहुणे आले की बाबा पहिलं हेच सांगतात, "माझ्या पोरीनं जन्मात डोक्यावर घागर घेतली नाही."
कुसी म्हणाली, "भाऊ, तिन्ही लावून पाहीन. एक तं लागू होईन ना?"
होईन म्हटलं.

२४ ऑक्टोबर
दिवाळीची गर्दी. पाय सुजले. दिवसभर खोकी फोडून राहिलो. उटणं, साबण, पेस्ट. लोक दोन पेस्टी हातात घेऊन वास घेतात, झाकण उघडून पाहतात, मग स्वस्तवाली घेतात. एका बाईनं मला विचारलं, कोणती चांगली? माझा दात पाहून म्हणाली, राहू दे.

२१ नोव्हेंबर
गावचा माणूस दुकानात येऊन सांगून गेला. कुसीचं तोंड सुजलं. जेवण जात नाही. ट्यूबांनी काही झालं नाही म्हणून शेजारणीनं सांगितलेली विटेची भुकटी घासली, वरून लिंबू. किती दिवस घासत होती ते कोणाला माहीत नाही. गोठ्यामागं जाऊन घासायची.
मीच म्हटलं होतं, होईन.

५ डिसेंबर
तिला नागपूरला घेऊन आलो. सूज उतरली आहे. सेठच्या बाईनं वरच्या खोलीत झोपायला जागा दिली. उद्या रामदासपेठेत दाताच्या डॉक्टरकडे.
कुसीनं शहर पाहिलं नाही कधी. बर्डीच्या बाजारात दुकानांच्या काचेत स्वतःला पाहत चालली होती. तोंडावर रुमाल.

६ डिसेंबर
जमेल तसं लिहितो.
डॉक्टर वयस्कर, बोलणं मऊ. मी पिशवीतून सगळ्या ट्यूबा टेबलावर मांडल्या. विचारलं, यातली कोणती?
म्हणाले, "सगळ्या ठीक आहेत. जिची चव आवडते ती वापरा, दोन वेळा, नरम ब्रशनं. कीड लागणार नाही. विटेची भुकटी पुन्हा तोंडात घालायची नाही."
"आणि डाग?"
त्यांनी कुसीचा रुमाल सरकवून कापसानं दात कोरडा केला, दिवा जवळ आणला. म्हणाले, "हा डाग वरून लागलेला नाही. दात हिरडीच्या आत घडत होता तेव्हाचा आहे. घासून जाणार नाही, बाई." मग विचारलं, "पाणी कुठलं पिता?"
कुसीनं तेव्हा रुमाल खाली घेतला. सकाळपासून पहिल्यांदा स्वतःहून. म्हणाली, "घरची विहीर आहे आमची. माझ्या बाबानं खणली. खडकातलं पाणी, उन्हाळ्यातही आटत नाही."
डॉक्टरांनी कापूस ताटलीत ठेवला.
"आई-वडिलांचे दात कसे आहेत?" पांढरे. "मोठा भाऊ?" दादाचे बरे आहेत. विहीर झाली तेव्हा तो दहाचा होता. हे मीच सांगितलं आणि सांगता सांगता मला कळलं.
काही खडकात एक क्षार असतो म्हणाले. पाण्याची चव बदलत नाही. मोठ्या माणसाच्या दाताला काही करत नाही. दात घडायच्या वयात पोटात गेला की असं होते. गावात बाकी पोरांचे दात चांगले असतील, म्हणाले. आहेत. ते सगळे नदीचं पितात.
दातावर टोपी बसवता येते म्हणाले, पण ते आपल्यासारख्यांचं काम नाही.
उठताना विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"
कुसी म्हणाली, "छबी."
"तिला दुसरं पाणी पाजा. आताच. सात-आठ वर्षांची होईपर्यंत."

७ डिसेंबर
तिला वणीच्या गाडीत बसवून दिलं. गाडी यायची होती तोवर बसस्टँडवर रुमालाची घडी घालत होती. मग म्हणाली, "बाबाले नको सांगजो."
मी म्हटलं, "सांगावं लागन ना. छबीचं काय?"
"छबीचं मी पाहीन. बाबा जगन का हे ऐकून? मायचं पोर गेलं म्हणून खणली त्यायनं."
"वहिनीले तरी सांग. तिची पोरगी आहे."
"वहिनीच्या पोटात राहते का काही? रात्री दादाले सांगन, सकाळी बाबाले कळन. तू शपथ घे."
घेतली. तिच्याच डोक्यावर हात ठेवून.
ट्यूबा विचारल्या, कोणती नेतेस? म्हणाली, "लवंगवाली दे. तिनं तोंड बधिर होते."

१९ डिसेंबर
दोन्ही बाजूंनी आता एकच पेस्ट. जी हाताला येईल ती.
सेठ म्हणाला, "क्यों रे, एक औरत भाग गयी क्या?" हसू आलं नाही. त्यालाही कळलं असावं, चहा पाठवला.

१४ जानेवारी
दादा आला. बैलांसाठी दोर, तेल, वहिनीचं काहीबाही घ्यायला. गोदामात बसून त्यानं डबा उघडला, तिळाचे लाडू दिले, आणि मग सुरू झाला.
"कुसी वेडी झाली काय गा? घरात विहीर, अन् ही सकाळी घागर घेऊन नदीवर. वाळूत झिरा खणते, वाटीवाटीनं पाणी भरते. छबीले तेच पाजते. विहिरीचं घोटभर पाजू देत नाही. परवा मायनं पाजलं तं हिनं पेला हातातून हिसकला."
मी म्हटलं, विचारलं नाही काहून?
"विचारलं ना! म्हणे नवस आहे. लग्न जमेपर्यंत लेकराले नदीचं पाणी पाजीन म्हणून. असा नवस ऐकला काय कधी? वहिनी तुझी खूश आहे, म्हणे पोरीवर जीव आहे आत्याचा. बाबाचं मात्र वाईट आहे. गावातली माणसं ओट्यावर बसून विचारतात, 'काहून जी पाटील, विहीर आटली काय?' बाबा तिच्याशी बोलत नाहीत. ताटही तिच्या हातचं घेत नाहीत."
मग एकदम म्हणाला, "नागपूरवरून आली तेव्हापासून आहे हे. तुले माहीत आहे काय काही?"
नाही म्हटलं. लाडू तसाच हातात.

१५ जानेवारी
विचार करून राहिलो. नवस चांगला शोधला तिनं. नवसाला कोणी अडवत नाही. पण लग्न जमलं की नवस संपला. मग छबीला कोण पाजणार?
हा विचार तिनं केला असेल की नाही?

११ फेब्रुवारी
दादाचं कार्ड. उमरेडचं स्थळ आलं. मुलगा कोळशाच्या खाणीत कामाला. स्वतः पाहायला आला, सोबत फक्त काका. दसऱ्याला मी शिकवलं होतं तशी जीभ कुसीनं फिरवली नाही, काही नाही. त्यानं नाव विचारलं तर सरळ तोंड उघडून सांगितलं. काकानं दाताकडे पाहून मान वळवली. मुलगा म्हणाला म्हणे, "मी खाणीतून येतो तं माझं सगळंच काळं असते. हिचे तं नुसते चार दात आहेत."
त्यानं होकार दिला.
मी दुकानात ओरडलो. सेठनं गल्ल्यावरून विचारलं, क्या हुआ? मी म्हटलं, बहन का जम गया. त्यानं सगळ्यांना बर्फी आणवली.

१९ फेब्रुवारी
कुसी नाही म्हणाली. दादानं कार्डावर तीन वेळा लिहिलं आहे, नाही म्हणते, नाही म्हणते, कारण सांगत नाही, नाही म्हणते.
बर्फी खाल्लेली आठवून लाज वाटली.

२० फेब्रुवारी
म्हणजे तिनं विचार केला होता.
छबी सात-आठची होईपर्यंत. तेव्हा कुसी किती वर्षांची असेल. तेव्हा कोण येणार तिला पाहायला.

२६ फेब्रुवारी
डॉक्टरकडे पुन्हा गेलो, एकटाच. विचारलं, पाणी उकळलं तर? नाही म्हणाले. तुरटी? तशी घरच्या घरी नाही. मोठ्यांनी ते पाणी प्यायलं तर चालते का? सध्या लहान पोरीला वाचवा, मोठ्यांचं पुढं पाहू, म्हणाले. पैसे घेतले नाहीत.
परत येताना भिलाईच्या भरतीचं सांगणारा माणूस भेटला. जागा आहे, चल म्हणतो. आठ दिवसांत सांगतो म्हटलं.
पळून जायला बरं आहे ते.

३ मार्च
दादा पुन्हा आला, बाबांनी पाठवला. उमरेडवाले अजून थांबले आहेत. मुलाचं मन आहे. होळीच्या आधी एकदा शेवटचं विचारायला येणार. बाबांचा निरोप: नाम्याले घेऊन ये, पोट्टी त्याच्याशीच बोलते.
सेठकडून दोन दिवस सुटी. दबलेली एकही ट्यूब घेतली नाही या वेळी.

४ मार्च, गावी
सकाळी पोचलो. नदीवरून आलो मुद्दाम. कुसी तिथंच होती. झिऱ्याच्या कडेला उकिडवी बसून वाटीनं घागर भरत होती. वाटी बुडाला लागून खर्रखर्र आवाज. पाणी तळाला गेलं आहे, एक वाटी भरली की थांबावं लागते. डोक्यावर चुंबळ ठेवली तिथले केस गेले आहेत थोडे.
म्हणाली, "आलास?"
मी म्हटलं, "उमरेडचा माणूस चांगला आहे वं."
"चांगला आहे. मले माहीत नाही काय? त्याच्या नखात कोळसा होता. लपवत होता हात." हसली. तोंडावर हात नेला नाही. मग म्हणाली, "मी गेली तं हे कोण करन?"
"बाबाले सांगू. शपथ सोड मले."
"सांगितलं तं बाबा काय करन, सांग. विहीर बुजवन. ऐकन का कोणाचं, मोठ्यानं प्या, लहानाले नका देऊ? एका दिवसात बुजवन. अन् मग माय या वयात या उतारावर घागर घेऊन येईन."
 घागर मी घेतली. ती म्हणाली, "पुरुषानं नेली तं लोक हसतीन." म्हटलं हसू दे. उतारावर माझाच पाय दोनदा सरकला.
दारात बाबा उभे होते. माझ्या खांद्यावर घागर पाहिली.  वाळले आहेत फार.

त्याच दिवशी, दुपारी
जेवण झालं. बाबांनी मला विहिरीपाशी बोलावलं. काठावर बसायला लावलं. म्हणाले, "नाम्या, उमरेडचे लोक उद्या येऊन राहिले. हे पोरीचं सोनं होऊन राहिलं अन् ती लाथ मारून राहिली. मी तिले मारलं नाही कधी. पाणी भरायले लावलं नाही कधी. माझं काय चुकलं, तेवढं मले सांग. तुले माहीत आहे. दादा म्हणते तुले माहीत नाही, पण माहीत आहे तुले."
मी खाली पाण्याकडे पाहत होतो. आरशासारखं स्वच्छ, तळाचा खडक दिसते.
म्हटलं, "बाबा, हात-पाय धुऊन येतो."
त्यांनी बादली सोडली. माझ्यासाठी स्वतः ओढली. पायावर ओतली.
आत आलो. हे लिहून राहिलो. कुसी चुलीपाशी आहे, माझ्याकडे पाहत नाही. छबी तिच्या पाठीवर चढून केस ओढून राहिली, हसून राहिली. बारके दात, दुधासारखे.
उद्या नाही ऐकून गेला तर उमरेडवाला पुन्हा येणार नाही. असा माणूस पुन्हा येत नाही.
बाबा बाहेर अजून काठावरच बसून आहेत. हाक मारली नाही. उन्हात बसले आहेत.
शपथ मोडायची तर आजच. आता उठतो, बाबांकडे जातो.